मोटारसायकलीची दुरुस्ती आणि मालकाचा कागद

आमचे एक बिऱ्हाड मुंबईस परळच्या भोईवाड्यात आहे व जमीन सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात. भोईवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर जनावरांचा मोठा दवाखाना आहे, तो आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना नावाने तरी ठाऊक असेल. १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा दवाखाना एकाच आवारात आहेत. तेथे कोणी आजारी जनावर घेऊन गेला म्हणजे प्रथम त्याचा केसपेपर होतो. जनावर कोणाचे, त्यास काय होते, औषध कोणते दिले, हे कागदावर येते. आणि दुसऱ्या खेपेस दुसरा डॉक्टर असला तरी तो आधी कागद पाहतो व मग जनावरास हात लावतो.

त्याच भागातील गल्ल्यांत दुचाकी गाड्या दुरुस्त करणाऱ्यांची दुकाने आहेत. तेथे लाखाच्या घरातील मोटारसायकल घेऊन मालक येतो, किल्ली हातावर ठेवतो, "सर्व्हिसिंग करून ठेवा, संध्याकाळी नेतो" म्हणतो आणि निघून जातो. काय काम सांगितले, काय केले, कोणते तेल घातले, याचा एक चिटोराही उभयतांजवळ राहत नाही. पाटण, कऱ्हाड, बारामती अथवा जळगाव येथेही याहून निराळा प्रकार आहे असे आम्हांस वाटत नाही. चाळीस हजारांच्या म्हशीस केसपेपर आणि लाखाच्या गाडीस तोंडी निरोप, ही गोष्ट विचित्र आहे हे आमच्याही ध्यानात २०२५ च्या गणेशोत्सवापर्यंत आले नव्हते. ते कसे आले हे सांगून त्यावरचे आमचे मत मांडावे, म्हणून हे चार शब्द.

आमचा पुतण्या मुंबईस नोकरीस आहे. त्याची चार वर्षे वापरलेली मोटारसायकल त्या वर्षी गणपतीस गावी न्यावयाची व तेथेच ठेवावयाची असे ठरले होते. कारण आमचे वडील बंधू दोन्ही वेळा दूध केंद्रावर पोचवतात आणि वाडीपासून केंद्रापर्यंतची चढण आता त्यांच्याने चालवत नाही. लांबचा प्रवास म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी ओळखीच्या दुकानात दिली. दुकानाचे नाव आम्ही सांगणार नाही. त्याचे कारण पुढे कळेल. सणाचे दिवस, लालबाग-परळातील निम्मी वस्ती कोकणात व घाटावर निघालेली, दुकानापुढे पंचवीस-तीस गाड्या ओळीने उभ्या. रात्री नऊ वाजता पुतण्याच्या फोनवर निरोप आला की गाडी झाली, घेऊन जा. साडेआठशे रुपये त्याने फोनवरूनच भरले व पहाटे निघाला.

द्रुतगती महामार्गावर दुचाकीस मज्जाव असल्यामुळे तो जुन्या रस्त्याने पनवेल व खोपोलीवरून बोरघाट चढू लागला. घाटात गाडी ओढीनाशी झाली, करपट वास सुटला, इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली आणि एका वळणावर मागचे चाक दोराने बांधल्यासारखे जागीच थांबले. क्लच वेळीच दाबला गेला म्हणून पोरगा वाचला. त्याने आम्हांस फोन केला. यावेळी आम्ही जो सल्ला दिला तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आम्ही म्हणालो, "घाट आहे, गाडी तापली असेल. जरा निवू दे आणि मग पुन्हा किक मारून पाहा." अर्ध्या तासाने गाडी खरोखर सुरू झाली, दोन-तीन फर्लांग चालली, आणि मग लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज होऊन कायमची बसली.

इंजिनाच्या आत काय घडले असावे हे आम्हांस पुढे एका जाणत्या फिटराने समजावून दिले. हा गृहस्थ उमेदीत गिरणीत होता व १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मोटारींच्या कामास लागला. त्याचे म्हणणे आमच्या शब्दांत सांगतो. साधारण शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीच्या इंजिनात सुमारे एक लिटर, कित्येकांत त्याहूनही किंचित कमी, तेल असते. विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनाच्या मानाने हे माप अगदीच थोडे. आणि एवढ्याशा तेलावरच पिस्टन, क्रँक, व्हॉल्व्ह, गिअर व क्लच या सर्वांचा निर्वाह चालतो. इंजीन मिनिटास सहा हजार फेरे घेत असेल तर पिस्टन बारा हजार वेळा वर-खाली धावतो. एका धावेचे अंतर दोन इंच धरले तरी मिनिटास सहाशे मीटर घासणे झाले. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तो ज्यात धावतो ती नळी बहुधा ओतीव लोखंडाची. उष्णतेने ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. मधला तेलाचा पातळ पडदा नाहीसा झाला की पिस्टन फुगून नळीच्या भिंतीस चिकटतो. यालाच इंजीन जाम होणे म्हणतात. निवल्यावर पिस्टन आकसतो, चिकटलेले सुटते, आणि मालकास वाटते की गाडी बरी झाली. वास्तविक पिस्टनवर व नळीवर ओरखडे पडलेले असतात, तेल तर नसतेच. आणि त्या स्थितीत पुन्हा सुरू केले म्हणजे क्रँकचे बेअरिंग व कनेक्टिंग रॉड यांचाही निकाल लागतो. पहिल्याच वेळी गाडी ढकलत बाजूस घेतली असती तर कदाचित पिस्टन, रिंगा व नळी एवढ्यावरच भागले असते. तो म्हणाला, "गिरणीत साच्यास तेल घालणारा माणूस निराळा असे. साचा कोरडा चालला तर आधी साचा बंद, मग चौकशी. तुम्ही उलटे केलेत."

कऱ्हाडकडे रिकामा परतणारा एक टेम्पो सुदैवाने मिळाला व गाडी गावी पोचली. आम्ही एस.टी.ने दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा तालुक्याच्या पेठेतील मेकॅनिकने इंजीन उघडण्यासाठी पाना लावलेला होता. तो आम्ही थांबवला, आणि या प्रकरणात आमच्या हातून जर काही शहाणपणाचे घडले असेल तर ते एवढेच. आमचे शिक्षण मराठी शाळेपुरते. यंत्रातले आम्हांस काही कळत नाही. पण महसूल खात्यात उमेद गेल्यामुळे एक गोष्ट अंगवळणी पडलेली आहे. गारपीट झाली, पूर आला, गंजीस आग लागली, तर शेत नांगरण्यापूर्वी आणि राख झाडण्यापूर्वी पंचनामा झाला पाहिजे. नुकसान किती मोठे यापेक्षा ते पाहिले कोणी व लिहिले केव्हा यावर पुढचे सगळे अवलंबून असते. आपल्यातील किती शेतकऱ्यांनी पंचनाम्याआधी शेत साफ केले व भरपाईस मुकले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. इंजिनाचेही तसेच. ते एकदा खोलले की बोल्ट कसा होता, तेल किती होते, हे सांगणारा जिवंत साक्षीदार नाहीसा होतो.

तेव्हा दोन शेजारी बोलावले. साध्या कागदावर गाडीचा व इंजिनाचा क्रमांक, किलोमीटरच्या मीटरवरील आकडा, दिवस व वेळ लिहिली. तेल मोजण्याची काडी काढून पाहिली, ती कोरडी. इंजिनाच्या खालच्या चेंबरवर ओले तेल व त्यावर चिकटलेली धूळ, मागच्या चाकापर्यंत तेलाचे शिंतोडे. या सर्वांची छायाचित्रे पुतण्याने फोनवर घेतली. मग तेल सोडण्याचा खालचा बोल्ट हाताने हलवून पाहिला तो हलला, आणि पाना न लावता दोन बोटांनी निघाला. आत चहाच्या कपाएवढेही तेल उरले नव्हते; जे उरले ते काचेच्या बाटलीत भरून बूच लावले. बोल्टाच्या आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा भरलेला होता, म्हणजे चेंबरचे आटे गेलेले होते. आणि त्या बोल्टाभोवती नळाच्या कामात वापरतात ती पांढरी टेप चार-पाच वेढे गुंडाळलेली होती.

ती टेप पाहून पंचांपैकी एक जण म्हणाला, "हे तर जाणूनबुजून केलंय." आमच्या मते या सर्व प्रकरणाचे मर्म त्या टेपेत आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. चेंबर मऊ धातूचा व बोल्ट पोलादी. लांब दांड्याच्या पान्याने जोर करून आवळला तर आटे फाटतात. ही चूक कोणाच्याही हातून होते. किती जोराने आवळावयाचे याचे माप कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते व त्यासाठी टॉर्कचा पाना मिळतो. पण गल्लीतील दुकानांत तो क्वचितच दिसतो, सर्व काम हाताच्या अंदाजाने चालते. अंदाज बहुधा बरोबर असतो. एखादे वेळी चुकला, तर आटे नव्याने पाडून त्यात जाळी बसवता येते, अथवा जरा मोठ्या मापाचा बोल्ट घालता येतो. काम एका दुपारचे व खर्च थोडका. तेव्हा आटे जाणे हा अपराध नव्हे. आटे गेलेले कळल्यावर टेप गुंडाळून, मालकास एक शब्द न सांगता, लांबच्या वाटेस गाडी सोडणे, हा अपराध होय. बैलास पत्री मारताना खिळा जिव्हारी लागला तर पत्री मारणारा लगेच सांगतो, कारण बैल लंगडतो व मालक समोर उभा असतो. मोटारसायकल दुकानात लंगडत नाही, आणि मालक तेथे नसतो.

इंजीन मग सर्वांसमक्ष उघडले. पिस्टन, नळी, कनेक्टिंग रॉड व क्रँकचे बेअरिंग निकामी निघाले. मेकॅनिकने काय पाहिले ते आपल्या दुकानाच्या छापील कागदावर लिहून दिले व सुटे भाग आम्ही गोणपाटात बांधून ठेवले. दुरुस्तीचा एकूण खर्च टेम्पोसह चौदा हजार दोनशे रुपये झाला. सामान मिळून गाडी उभी राहण्यास सवा महिना लागला. तोवर आमचे वडील बंधू पहाटे चार वाजता उठून दुधाची कासंडी डोक्यावर घेऊन केंद्रावर जात होते, आणि सात-आठ वेळा वेळ चुकल्यामुळे दूध परत आले. हे नुकसान कोणत्याही पावतीत येत नाही.

आता कायद्याचे थोडे सांगतो, कारण या बाबतीत आपल्या लोकांत गैरसमज फार. कित्येक समजतात की विमा आहे, तो भरून देईल. मोटार विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत यंत्राचा अंतर्गत बिघाड धरला जात नाही. अपघात, चोरी, आग यांची गोष्ट वेगळी. दुसरे कित्येक समजतात की दुरुस्तीवाल्यास पैसे दिले म्हणजे विषय संपला. तसेही नाही. दुरुस्तीस दिलेली वस्तू ही कायद्याच्या भाषेत निक्षेप होय, आणि १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे ती घेणाऱ्याने साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जितकी काळजी घेईल तितकी घेतली पाहिजे. मात्र त्याच कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, काम करून दिल्यावर मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडकवून ठेवण्याचा हक्क कारागिरास आहे. म्हणून दुकानात भांडण करून, पैसे न देता गाडी ओढून नेण्याचा प्रयत्न करू नये. पैसे द्यावे, पण पावतीवर अथवा फोनवरील निरोपात "तक्रार राखून पैसे दिले" असे लिहावे.

ग्राहकांचा पहिला स्वतंत्र कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आहे. सदोष सेवा, म्हणजे पैसे घेऊन केलेल्या कामातील उणीव, याबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असे नाही. आपल्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक असा की जुन्या कायद्यात तक्रार जेथे दुकानदार असेल किंवा कारण घडले असेल तेथेच करावी लागे. नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. म्हणजे काम परळात बिघडले तरी साताऱ्याच्या शेतकऱ्यास त्यासाठी मुंबईच्या ग्राहक न्यायालयाची पायरी चढण्याचे कारण उरले नाही. शेतीच्या कामास वापरलेली गाडी म्हणजे धंद्याची वस्तू, सबब तुम्ही ग्राहकच नव्हे, असा आक्षेप कोणी घेतला तर घाबरू नये. स्वतःच्या कष्टाने पोट भरण्यासाठी वापरलेली वस्तू या आक्षेपातून कायद्यानेच वगळलेली आहे. आणि बियाण्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच शेतकरी हा ग्राहक होय असे ठरवलेले आहे. प्रथम सल्ला हवा असेल तर सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे.

इतके सर्व असले तरी आयोगापुढे पहिला प्रश्न येतो तो पुराव्याचा. "माझी गाडी यांच्याकडे दिली व नंतर बंद पडली" एवढ्याने काही सिद्ध होत नाही. गाडी नंतर बंद पडली, पण यांच्या कामामुळे पडली हे कशावरून? येथेच केसपेपर नसल्याची किंमत कळते. आमच्यापाशी कामाचा कागद नव्हता. पण साडेआठशे रुपयांचा फोनवरील व्यवहार तारीख-वेळेसह होता, गाडी झाल्याचा निरोप होता, दुसऱ्या मेकॅनिकचे लेखी मत होते, आणि पंचनामा, बाटली व बोल्ट होता. रोखीने पैसे देऊन चार रुपये सुटे परत घेतले असते तर तेवढेही नसते. पुष्कळ शेतकरी दुकानदारास स्वतःच सांगतात, "बिल नको, जीएसटी कशाला, तेवढे कमी करा." असे सांगून आपण वाचवतो ते शे-दोनशे रुपये व विकतो तो आपला पुरावा. दुकानदाराने बिल दिले नाही ही जितकी तक्रार खरी, तितकेच आपण ते मागितले नाही हेही खरे.

आम्ही सप्टेंबरात दुकानदारास नोटीस पाठवली. आयुष्यभर आम्ही सरकारी कागद रजिस्टर टपालाने पाठवले. ते टपाल आता स्पीड पोस्टात विलीन झालेले आहे; ही नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने गेली. शिवीगाळ नाही, धमकी नाही. अमुक दिवशी गाडी दिली, अमुक दिवशी बंद पडली, पंचांसमक्ष असे आढळले, खर्च इतका झाला, पंधरा दिवसांत कळवावे. सोबत छायाचित्रे.

आठवड्याच्या आत दुकानाचे मालक स्वतः आमच्या खोलीवर आले. गल्लीत सर्व त्यांना उस्ताद म्हणतात. प्रथम त्यांचे बोलणे नेहमीचेच झाले. "काका, गाडी जुनी. इंजीन आधीच कमजोर होते. घाटात रेस जास्त दिली असेल." आम्ही काही न बोलता टेपेसकट बोल्ट त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ तो हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "हे माझ्या हातचे नाही, काका. त्या रात्री मी टाटा हॉस्पिटलात होतो, घरचे माणूस तेथे आहे. गाड्या पोऱ्याने सोडल्या." पोऱ्या म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, पहाटेपासून सोळा गाड्यांचे तेल बदललेला. आटे गेले ते त्यास कळले होते. पण सांगितले तर चेंबरचे पैसे पगारातून जातील म्हणून त्याने टेप लावली.

यावर काही वाचक म्हणतील की तुम्ही आयोगाकडे जावयास हवे होते, अशा लोकांस धडा शिकवावयास हवा होता. आमचे मत तसे नाही, आणि ते भिडेपोटी आहे असेही नाही. प्रथम, आमच्याकडे अर्धा दोष होता. पहिल्या वेळी गाडी बसल्यावर ती पुन्हा सुरू करावयास आम्हीच सांगितले. क्रँकचा खर्च त्या सल्ल्याचा आहे, बोल्टाचा नव्हे. आयोगापुढे हे लपवून ठेवणे आम्हांस जमले नसते. दुसरे, चौदा हजारांसाठी तारखा करीत बसणे शेतकऱ्यास परवडत नाही. जेथे दुकानदार उडवाउडवी करतो, नोटीस घेत नाही अथवा रक्कम मोठी आहे, तेथे आयोगाची पायरी अवश्य चढावी. कायदा हातात आहे हे समोरच्यास दिसले म्हणूनच तो खोलीवर आला, हेही आम्ही विसरत नाही. तडजोड झाली ती अशी की पिस्टन, नळी, रिंगा व चेंबरचे काम यांचे आठ हजार त्यांनी द्यावे, क्रँक व टेम्पो आमच्याकडे. ते साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. एक वाक्य आम्ही आग्रहाने घालून घेतले: ही रक्कम मुलाच्या पगारातून कापली जाऊ नये. उस्तादांना ते आवडले नाही. परंतु ज्या दुकानात चूक सांगणाऱ्यास दंड होतो त्या दुकानात पुढची चूकही टेपेखाली झाकली जाणार, आणि ती कोणाच्या तरी गाडीखाली घाटात उघडी पडणार.

दोष केवळ दुकानांचा नाही हे आम्ही पुन्हा सांगतो. आपण सर्व जण गाडी सणाच्या आदल्या दिवशी नेतो. नांगराचा फाळ आपण मृग निघण्याच्या आदल्या रात्री लोहाराकडे टाकत नाही, वैशाखातच शेवटून घेतो. मग गाडीचे काम भाद्रपदाच्या तोंडावर का? दहा-बारा दिवस आधी काम करून घेतले असते तर चार दिवसांत गाडीखाली तेलाचा डाग दिसला असता, आणि शंभर-दोनशे रुपयांत सर्व मिटले असते. तसेच स्वस्त म्हणून सुटे तेल घालून घेणे, किंवा मोटारीच्या डब्यात उरलेले तेल मोटारसायकलीत ओतणे, हीही आपलीच खोड. मोटारसायकलीचा क्लच बहुधा त्याच तेलात बुडालेला असतो. मोटारीच्या कित्येक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, त्यांनी क्लच घसरू लागतो. डबा आपल्यासमोर फोडून घ्यावा व रिकामा डबा घरी आणावा. काम झाल्यावर दुकान सोडण्यापूर्वी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी सरळ उभी करून काडीने तेल पाहावे, एक फेरी मारून यावे व पुन्हा खाली वाकून पाहावे. पुष्कळ गाड्यांना तेल संपल्याची सूचना देणारा दिवा नसतो. काडी हाच दिवा.

आमच्या शेतकरी संघास एक सूचना आहे. संघ फवारणीचे पंप ठेवतो, बियाणे मागवतो. त्याने एक पानाचा छापील केसपेपर कार्बनसह तयार करून प्रत्येक गावच्या दुरुस्तीवाल्यास वहीरूपाने फुकट द्यावा. गाडीचा क्रमांक, मीटरचा आकडा, मालकाने सांगितलेले काम, केलेले काम, तेलाचे नाव व माप, बदललेले भाग, दोघांच्या सह्या. याहून अधिक काही नको. वहीबरोबर एक टॉर्कचा पाना तालुक्याच्या शाखेत ठेवावा, ज्याला हवा त्याने न्यावा. पॉवर टिलर, फवारणीची यंत्रे, पाण्याची ऑइल इंजिने यांस हाच कागद चालेल. खर्चाच्या मानाने संघाने याहून महागडे सत्कार केलेले आम्ही पाहिले आहेत.

उस्तादांच्या दुकानात अशी एक वही आम्ही स्वखर्चाने परळच्या छापखान्यात बांधून दिली. पहिले महिनाभर ती खिळ्यास टांगलेलीच होती. मार्चमध्ये पुतण्या भोईवाड्यात आला असता त्याच गाडीचे तेल बदलण्यास आम्ही दोघे गेलो, आणि आमच्यासाठी म्हणून बाहेर एक स्टूल टाकण्यात आले. पोऱ्याने बोल्ट हाताने फिरवत आत बसवला, मग छोट्या पान्याने आवळला, फडक्याने चेंबर पुसून आम्हांस वाकून पाहावयास सांगितले. नंतर त्याने वही काढली व मोठ्या अक्षरांत लिहिले, तेल ९०० मिली, वायसर नवा, बोल्ट नवा. खाली त्याने सही केली, आणि सहीशेजारी तेलाने माखलेल्या अंगठ्याचा ठसा आपोआपच उमटला. त्याची कार्बन प्रत पुतण्याने घडी करून गाडीच्या कागदांत ठेवली.